ताठ योद्धा, वाकलेली पाठ

वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अमेरिकन इतिहास संग्रहालयात शेतीचं एक साधं अवजार ठेवलेलं आहे. पात कुदळीसारखी आडवी वळलेली, लाकडी दांडा मात्र इतका आखूड की उभ्याने ते जमिनीला टेकणारच नाही. शेतमजुरांचे पुढारी सेसार चावेस यांच्या वडिलांचं हे अवजार. कॅलिफोर्नियाच्या शेतांवर राबणारे मेक्सिकन मजूर त्याला ‘एल कोर्तितो’ म्हणत, म्हणजे आखूडलं. दांडा साधारण फूटभराचा. लेट्यूस आणि शुगर बीट यांची रोपं दाट उगवतात, त्यांची विरळणी करावी लागते आणि मधलं तण काढावं लागतं. त्यासाठी मजुराच्या हातात हे दिलं जाई. आपल्याकडे खुरपणी उकिडवं बसून होते, मध्येच बूड टेकून कमरेला विसावा देता येतो. तिथे मैलभर लांबीच्या सऱ्या आणि त्यातून कमरेत दुमडून, चालत चालत काम करायचं, आठ-दहा तास.

लांब दांड्याचं अवजार त्या काळी नव्हतं अशातला भाग नाही. इतर राज्यांत लोक सर्रास तेच वापरत होते. मळेवाले सांगत, लांब दांड्याने नेम चुकतो, रोप कापलं जातं. मजुरांचं म्हणणं वेगळं होतं. बांधावर उभ्या असलेल्या मुकादमाला नजर टाकताच कळलं पाहिजे की कोण काम करतोय आणि कोण थांबलाय. आखूड दांडा असला की ताठ उभा दिसणारा प्रत्येक माणूस कामचुकार ठरवता येतो. मला हेच खरं कारण वाटतं, कारण पुढे या अवजारावर बंदी आल्यावर लेट्यूसचं पीक काही बुडालं नाही.

कॅलिफोर्निया रूरल लीगल असिस्टन्स ही गरिबांना मोफत कायदेशीर मदत देणारी संस्था 1966 साली सुरू झाली. तिचे तरुण वकील मो जॉर्डेन यांना सोलेदाद गावातल्या मजुरांनी आव्हान दिलं, की वकीलसाहेब, आधी हे हातात धरून बघा. त्यांनी बघितलं, आणि कंबर धरूनच परतले. 1972 साली सेबास्तियान कार्मोना या मजुराच्या वतीने राज्याच्या औद्योगिक सुरक्षा विभागाकडे अर्ज गेला. मणक्यांमधल्या गाद्या कशा झिजतात, चाळिशीच्या आतच माणसाची कंबर कशी कायमची जाते, हे डॉक्टरांनी सांगितलं. विभागाचं उत्तर सरकारी डोकं कसं चालतं त्याचा नमुना म्हणून जपून ठेवावं असं आहे. धोकादायक अवजार म्हणजे ज्याची पात सैल आहे, दांडा तडकलेला आहे असं अवजार. हे तर चांगलं घट्ट आहे! दोष असेल तर तो वापरण्याच्या पद्धतीत. जानेवारी 1975 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हा अर्थ फेटाळला. अवजार ज्या रीतीने वापरण्यासाठी दिलंय, त्या रीतीने वापरल्यावर माणसाचं काय होतं ते बघा, असं न्यायालयाने बजावलं. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये कोर्तितोवर बंदी आली. त्यावर काही मळेवाल्यांनी अवजारच काढून घेतलं आणि मजुरांना हाताने तण उपटायला लावलं, म्हणजे वाकणं होतं तिथेच राहिलं. त्या हाताने निंदण्यावर राज्याने निर्बंध घातले ते 2004 साली.

या खटल्यात एक गोष्ट कुणी फारशी उच्चारली नाही, पण ती सगळ्यांना ठाऊक होती. कोर्तितोने वाकलेली माणसं बहुतेक सगळी एकाच वंशाची होती. मेक्सिकन माणूस मुळातच बुटका, जमिनीच्या जवळचा, त्याला वाकायला त्रास होत नाही, असं मळेवाले आणि त्यांचे पुढारी कित्येक दशकं बिनदिक्कत बोलत आले होते. म्हणजे ज्या शरीराला काम मोडत होतं, तेच शरीर त्या कामासाठी घडलेलं आहे असा दाखला आधीच तयार होता. अपंगत्व आणि वंश हे दोन वेगळे विषय म्हणून शिकवले जातात. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात ते एकाच सरीत उगवलेले दिसतात.

इथे थोडा मागचा हिशेब. 1848 साली युद्ध हरलेल्या मेक्सिकोने आपला जवळजवळ अर्धा मुलूख अमेरिकेला दिला. तिथले लोक जागेवरच होते, सीमा त्यांच्या डोक्यावरून पलीकडे गेली. कायद्याने ते ‘गोरे’ धरले गेले, व्यवहारात कधीच नाही. 1930 च्या जनगणनेत ‘मेक्सिकन’ असा वेगळा वंशच छापला गेला आणि पुढच्या जनगणनेत तो काढून टाकावा लागला. 1960 च्या दशकात याच समाजातल्या तरुणांनी ‘चिकानो’ हे तोवर हिणवण्यासाठी वापरलं जाणारं नाव अभिमानाने स्वतःला लावलं. स्त्रिया स्वतःला चिकाना म्हणू लागल्या.

सीमेवरचा पहारेकरी सुरुवातीपासून अर्धा पोलीस आणि अर्धा डॉक्टर होता. वेडे, ‘मंदबुद्धी’, परावलंबी होण्याची शक्यता असलेले अशांना देशात येऊ द्यायचं नाही, हे अमेरिकेच्या कायद्यात 1882 साली आलं. मेक्सिकन माणसाच्या बाबतीत मात्र संशय एकेकट्यावर नव्हता, सगळ्या समूहाच्या कातडीवर होता. 1917 च्या जानेवारीत टेक्ससमधल्या एल पासो शहरात नियम लागू झाला. पलीकडच्या हुआरेसहून पुलावरून येणाऱ्यांनी कपडे उतरवायचे, ते वाफेत घालायचे, आणि उवा मारण्यासाठी अंगाला रसायन लावून घ्यायचं. निमित्त टायफसच्या भीतीचं. त्याच्या आदल्याच वर्षी एल पासोच्या तुरुंगात कैद्यांना अशीच ज्वालाग्राही द्रवाने आंघोळ घालताना भडका उडाला होता आणि वीसहून जास्त माणसं जळून मेली होती. शिवाय आंघोळ करणाऱ्या बायकांचे फोटो सैनिक चोरून काढतात, अशी बोलवा होती. 28 जानेवारीला सकाळी धुणीभांडी करायला ट्रामने निघालेल्या कार्मेलिता तोरेस नावाच्या सतरा वर्षांच्या मुलीने कपडे उतरवायला नकार दिला आणि ट्राममधल्या इतर बायकांनाही खाली उतरवलं. दुपारपर्यंत हजारो बायका पुलावर जमल्या, ट्राम अडल्या, अधिकाऱ्यांवर दगड-बाटल्या पडल्या. दोन-तीन दिवसांत बंड मोडलं. निर्जंतुकीकरण पुढे अनेक वर्षं चालूच राहिलं.

1942 ते 1964 या काळात दोन्ही सरकारांच्या करारातून ‘ब्रासेरो’ मजूर आणले गेले, सुमारे 46 लाख करारपत्रं झाली. भरती केंद्रावर आधी तळहात बघत. घट्टे असतील तर हा खरा शेतकरी, मऊ असतील तर घरी जा. लिओनार्ड नॅडेल या छायाचित्रकाराने 1956 साली टिपलेलं एक छायाचित्र आहे. उघड्याबंब मजुरांची रांग, आणि तोंडाला फडकं बांधलेला माणूस एकाच्या चेहऱ्यावर पिचकारीने डीडीटी मारतोय. फवारणाऱ्याच्या नाकावर मास्क आहे. ज्याच्यावर फवारा उडतोय त्याने फक्त डोळे मिटलेले आहेत.

हात आणि पाठ यांची ही कथा झाली. डोक्याची तपासणी शाळेत होई. स्टॅनफर्डचे मानसशास्त्रज्ञ लुईस टर्मन यांनी बुद्ध्यंकाची चाचणी अमेरिकेत रुजवली. 1916 च्या आपल्या पुस्तकात त्यांनी नैर्ऋत्येकडच्या स्पॅनिश-इंडियन आणि मेक्सिकन कुटुंबांतल्या मुलांची मंदबुद्धी वंशगत दिसते, त्यांना वेगळ्या वर्गात बसवावं, असं लिहिलं. आणि अशांना मुलं होऊ देऊ नयेत, हे समाजाला आज पटवता येत नाही याची खंतही व्यक्त केली. अर्धशतकानंतर, कोर्तितोवाल्या त्याच सोलेदाद गावात, शेतमजुरांची मुलं ‘मतिमंदां’च्या वर्गात बसलेली होती. घरी स्पॅनिश बोलणाऱ्या या मुलांची चाचणी घेतली होती इंग्रजीत. 1970 साली जॉर्डेन यांच्याच संस्थेने नऊ मुलांच्या वतीने दावा लावला. स्पॅनिशमधून चाचणी परत घेतल्यावर बहुतेकांचे गुण मतिमंदत्वाच्या रेषेच्या वर गेले. ज्या डायना नावाने खटला ओळखला जातो, त्या मुलीचा बुद्ध्यंक 30 वरून 79 झाला. सरकारने तडजोड केली. यापुढे मुलांची चाचणी त्यांच्या घरच्या भाषेत होईल आणि आधीच त्या वर्गात असलेल्यांची फेरतपासणी होईल.

हा विजय मोठा होता, पण त्यातली एक पाचर मला बोचते. खटला जिंकला तो ‘आमची मुलं मंद नाहीत’ या युक्तिवादावर. स्पॅनिशमध्ये विचारूनही ज्या मुलाचे गुण खालीच राहिले, त्याच्यासाठी या युक्तिवादात काहीच नव्हतं. तो त्या वर्गात पूर्वी जसा अडगळीत टाकला जात होता, तसा पुढेही जाऊ शकत होता, फक्त आता अन्याय झाला असं म्हणायची सोय उरली नव्हती.

मंदबुद्धीचा शिक्का वर्गात बसवून थांबत नसे. कॅलिफोर्नियाचा 1909 चा कायदा सरकारी संस्थांना त्यांच्या ताब्यातल्या वेड्या आणि मंदबुद्धी ठरवलेल्या माणसांची नसबंदी करायची मुभा देई. तो 1979 पर्यंत पुस्तकात होता. सुमारे 20,000 माणसांवर या शस्त्रक्रिया झाल्या, आणि त्यात स्पॅनिश आडनावं लोकसंख्येतल्या वाट्यापेक्षा जास्त होती. 1939 साली सारा रोसास गार्सिया या विधवेने आपल्या मुलीवर, अँड्रियावर, पॅसिफिक कॉलनी या संस्थेत होऊ घातलेली शस्त्रक्रिया थांबवण्यासाठी कोर्टाची पायरी चढली. तिचे वकील डेव्हिड मार्कस. तीनपैकी दोन न्यायाधीशांनी अर्ज फेटाळला. हेच मार्कस पुढे मेक्सिकन मुलांच्या वेगळ्या शाळांविरुद्धचा मेंडेझ खटला जिंकले आणि इतिहासात गेले. शाळेचा खटला पाठ्यपुस्तकात आहे, अँड्रियाचा शोधावा लागतो.

1970 च्या आसपास लॉस एंजेलिसच्या सरकारी प्रसूतिगृहात जे घडलं त्याला तर त्या कायद्याचाही आधार नव्हता. कळा येत असलेल्या, सिझेरियनसाठी टेबलावर घेतलेल्या मेक्सिकन बायकांपुढे इंग्रजी फॉर्म धरले जात. सही केली नाही तर वेदनाशमक मिळणार नाही, असंही काहींना सांगितलं गेलं. कित्येकींना आपल्या नळ्या कापल्या गेल्यात हे नंतर, काहींना तर वर्षांनी कळलं. तिथल्याच एका तरुण डॉक्टरने, बर्नार्ड रोझेनफेल्ड यांनी, गुपचूप नोंदी जमवल्या. अँटोनिया हर्नांडेझ ही कायद्याची पदवी नुकतीच घेतलेली चिकाना वकील घरोघर फिरली आणि दहा बायका पुढे आल्या. त्यांनी लावलेल्या दाव्यातलं पहिलं नाव दोलोरेस माद्रिगल.

सुनावणीत मानववंशशास्त्रज्ञ कार्लोस वेलेझ यांनी साक्ष दिली की या बायका मेक्सिकोच्या खेड्यांतून आलेल्या आहेत, तिथे बाईची प्रतिष्ठा आणि नवऱ्याचं पौरुष मुलं होण्यावर टिकलेलं असतं, म्हणून ही हानी फक्त शरीराची नाही. न्यायाधीश जेसी कर्टिस यांनी ही साक्ष उलटी फिरवली. बायकांना एवढं दुःख झालं ते त्यांच्या संस्कृतीमुळे, आणि डॉक्टरांना ती संस्कृती ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. जे झालं तो संवादातला घोळ होता, गुन्हा नाही. 1978 च्या जूनमध्ये बायका हरल्या. खटल्याच्या दबावाने स्पॅनिशमध्ये फॉर्म आले आणि सही व शस्त्रक्रिया यांच्यात थांबण्याची मुदत आली, एवढं पदरात पडलं. 2021 मध्ये राज्याने नसबंदीच्या बळींना भरपाई देऊ केली, ती 1909 च्या कायद्याखालच्या आणि तुरुंगातल्या शस्त्रक्रियांसाठी. दोलोरेस माद्रिगल आणि तिच्या सोबतिणी त्यात बसत नव्हत्या.

अशा सगळ्या शिक्क्यांना चिकानो चळवळीने उत्तर काय दिलं? मार्च 1969 मध्ये डेन्व्हरला तरुणांची मोठी परिषद भरली. ॲझ्टेकांची दंतकथेतली मूळ भूमी ‘आस्तलान’ म्हणजे हाच नैर्ऋत्य मुलूख, आम्ही इथले भूमिपुत्र, असा जाहीरनामा तिथे झाला. भिंतींवर, पोस्टरांवर, गाड्यांच्या बॉनेटवर जो देह चितारला गेला तो भरदार छातीच्या ॲझ्टेक योद्ध्याचा. मेक्सिकन कॅलेंडरांसाठी हेसूस एल्गेरा यांनी रंगवलेला, मूर्च्छित राजकन्येला दोन्ही हातांवर घेऊन उभा असलेला योद्धा घराघरांत टांगलेला होताच, तोच आता राजकीय झाला. पुरुष उभा, बाई आडवी. डेन्व्हरच्या परिषदेतल्या स्त्रियांच्या गटाने तर जाहीरच केलं, की चिकानेला वेगळी मुक्ती नको. त्या गटातल्या सगळ्यांना हे पटलेलं नव्हतं आणि भांडण पुढे वर्षानुवर्षं चाललं.

ही धडधाकट प्रतिमा सीमेपलीकडून आलेली होती. क्रांतीनंतरच्या मेक्सिकोत शिक्षणमंत्री होसे वास्कोन्सेलोस यांनी चित्रकारांना सरकारी भिंती दिल्या. दिएगो रिवेरा हा त्यांतलाच एक. वास्कोन्सेलोस यांचं 1925 चं ‘ला रासा कोस्मिका’ हे पुस्तक मिश्र रक्ताची महती गातं आणि चिकानोंना ते फार प्रिय होतं. नीट वाचलं तर त्यातही चाळण आहे. सौंदर्यदृष्टी वाढली की कुरूप माणसं आपोआप प्रजननातून बाद होतील, अशी लेखकाला खात्री आहे. 1931 मध्ये मेक्सिकोत सुप्रजननवाद्यांची संस्था निघाली आणि पुढच्याच वर्षी वेराक्रूस राज्याने नसबंदीचा कायदाही केला. म्हणजे कमी प्रतीचा ठरवलेला समाज स्वतःची बाजू मांडायला उभा राहिला तेव्हा त्याने पट्टी तीच उचलली, फक्त स्वतःला वरच्या टोकाला ठेवलं. मजुरांच्या मोर्चात योद्ध्याचं पोस्टर धरून चालणाऱ्या किती बापांना पाठ सरळ करता येत होती, हा प्रश्न पोस्टरवर मावणारा नव्हता.

या ताठ योद्ध्यासमोर एक तुटलेला देह आला, तो जमिनीतून. 1978 च्या फेब्रुवारीत मेक्सिको सिटीच्या मध्यवर्ती चौकाजवळ वीज कंपनीचे कामगार खड्डा खणत असताना पहारीला नक्षीदार दगड लागला. सव्वातीन मीटर व्यासाची ती गोल शिळा निघाली. तिच्यावर कोयोलशाउकी ही ॲझ्टेक देवी कोरलेली. भावाने, युद्धदेवाने, तिला मारून डोंगरावरून खाली लोटलं, अशी कथा. शिळेवर मुंडकं धडावेगळं आहे, हातपाय सांध्यांतून तुटलेले आहेत, मांडीच्या कापावर हाडाची गोल टोकं दिसतात, गालावर घुंगरं, पोटावर बाळंतपणाच्या वळ्या. आणि इतकं होऊनही ते तुकडे चक्रासारखे धावताना भासतात. माद्रिगल खटल्याचा निकाल त्याच वर्षीचा. नोव्हेंबरात सॅन फ्रान्सिस्कोच्या गॅलेरिया दे ला रासा या चिकानो कलादालनाने मेक्सिकन चित्रकर्ती फ्रिडा कालोला मानवंदना देणारं प्रदर्शन भरवलं. अमेरिकेत तेव्हा फ्रिडा म्हणजे रिवेराची बायको, एवढीच ओळख होती.

फ्रिडाला सहाव्या वर्षी पोलिओ झाला. 1925 साली बसच्या अपघातात कणा, ओटीपोट, पाय सगळं चिरडलं. नंतर तीसेक शस्त्रक्रिया, चामड्याचे, पोलादाचे, प्लास्टरचे पट्टे, आणि 1953 मध्ये पाय कापला. मेक्सिकोतल्या तेहुआना बायकांचा घोळदार घागरा ती घाले तो राष्ट्रप्रेमाने, आणि वाळलेला पाय झाकायलाही. दोन्ही कारणं एकाच वेळी खरी होती. जन्मसाल 1907 असून ती 1910 सांगे, क्रांतीचं साल. तुटलेल्या शरीरावर तिने राष्ट्र असं नेसवलं होतं. आज पिशव्यांवर, मगांवर जी फ्रिडा छापतात तिच्या डोक्यात फुलं असतात, पट्टा क्वचितच. चिकाना चित्रकर्तींना मात्र पट्टाच दिसला होता.

कोयोलशाउकीचे तुकडे चिकाना लेखिका ग्लोरिया अँझाल्दुआने उचलले. 1942 साली दक्षिण टेक्ससमध्ये जन्मलेली ही शेतमजुराची मुलगी. संप्रेरकांच्या दुर्मीळ बिघाडामुळे तिला अगदी तान्ही असतानाच रक्तस्राव सुरू झाला. शरीर वयाच्या कितीतरी पुढे धावलं आणि ते झाकायचं, लपवायचं, हे घरातून शिकवलं गेलं. शाळेत मधल्या सुट्टीत स्पॅनिश बोलली म्हणून पट्टीचा मार. कॉलेजात चिकानो विद्यार्थ्यांना उच्चार सुधारण्याचे वर्ग सक्तीचे होते. घरची बोली जिभेवर दिसते, तीही दुरुस्त करायची व्याधी. चळवळीत गेली तर ती समलिंगी, म्हणून तिथेही परकी. 1987 च्या ‘बॉर्डरलँड्स’ या तिच्या पुस्तकात सीमारेषा ही भरून न येणारी जखम आहे, नकाशावरची आणि अंगावरचीही. तुटलेलं जोडायचं, पण पूर्वीसारखं करायचा हट्ट धरायचा नाही, या प्रक्रियेला तिने पुढे कोयोलशाउकीचं नाव दिलं.

तिची सहकारी चेरी मोरागा हिने 1992 मध्ये ‘हीरोज अँड सेंट्स’ हे नाटक रंगमंचावर आणलं. कॅलिफोर्नियातल्या मॅकफार्लंड या शेतमजुरांच्या गावात लहान मुलांना कर्करोग होऊ लागले होते. पालकांचा संशय कीटकनाशकांवर होता, सरकारी तपासात कारण सिद्ध झालं नाही. नाटकातली सेरेसिता हिला धडच नाही, नुसतं डोकं. चाकांच्या गाड्यावर ठेवलेली, हनुवटीने कळ दाबून ती फिरते, पुस्तकं वाचते, प्रेमाची भूक बोलून दाखवते. ‘तेआत्रो कांपेसिनो’ या शेतमजुरांच्या नाटकमंडळीचे लुईस वाल्देझ यांच्या नाटकात आधी असंच एक नुसतं डोकं होतं, पण ते पुरुषाचं, खादाड. मोरागाने ते बाईचं केलं, विचार करणारं केलं. शेवटी मात्र सेरेसिता ग्वादालुपेच्या मातेचं रूप घेऊन द्राक्षमळ्यात गोळ्यांसमोर जाते. प्रवेश थरारक आहे, आणि तरी मला तिथे मोरागा चुकलेली वाटते. हनुवटीने गाडा चालवणारी, चिडकी, हुशार मुलगी समाजाला जिवंत परवडत नाही, ती देवी झाली की चालते.

अँझाल्दुआला हा सापळा ठाऊक असावा. 1992 मध्ये तिला मधुमेहाचं निदान झालं. इन्सुलिन, अंधुक होणारे डोळे, पायांची बधिरता यांत पुढची वर्षं गेली. अपंगत्वाचे अभ्यासक तिला आपल्यातली म्हणू लागले तेव्हा तिने ईमेलवरून उत्तर दिलं, आणि त्यात ती त्या नावापाशी घुटमळताना दिसते. आजार ती नाकारत नव्हती. चिकाना, समलिंगी, शेतमजुराची मुलगी यांतलं कुठलंही एक नाव तिला पुरलेलं नव्हतं, मग हे नवं नाव बाकीची गिळणार नाही कशावरून, असा तिचा एकंदर सूर होता. 2004 च्या मे महिन्यात, मधुमेहाच्याच गुंतागुंतीने, ती सांता क्रूझला वारली. पीएच.डी.चा प्रबंध जवळपास पुरा झाला होता. विद्यापीठाने पदवी पुढच्या वर्षी दिली.